पायरीचा धक्का

"गाडी सुरू कवा करणार?"

अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही कोल्हापूर सोडून तीस किलोमीटर आलो होतो. रस्ता गगनबावड्याचा, दुरुस्तीसाठी उकरलेला, आणि गाडी त्यावरून पन्नासच्या वेगानं चालली होती. गाडी घ्यायच्या आधी चालवून बघत होतो, म्हणून शोरूमच्या बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. आजोबा गाडीचं कौतुक करताहेत असं वाटून त्या खुशीत हसल्या. अण्णा कौतुक करत नव्हते, ते चिडले होते.

मी सांगितलं की निघून पाऊण तास झाला. त्यांचा विश्वास बसेना. खिडकी उघडून वारा दिला, तर म्हणाले, शोरूमला पंखे असतातच की. शेवटी गाडी बाजूला घेतली, त्यांना हात धरून उतरवलं आणि रस्त्याकडेचं एक ढेकूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते अंगठ्यानं चुरलं आणि वास घेतला. परत बसताना एवढंच म्हणाले, "डोळे गेले तरी रस्ता पाठीला कळत होता, पद्मल. ह्या गाडीनं तेबी काढून घेतलं."

माझे वडील जिनगोंडा मगदूम, वय एक्क्याऐंशी. शिरोलीच्या फौंड्रीत चाळीस वर्षं त्यांनी पॅटर्न केले, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी आधी लाकडात हुबेहूब नमुना घडवायचा, ते काम. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांना अंगठ्यानं कळायचा. काचबिंदूनं दृष्टी गेली तेव्हा सगळे म्हणाले, मगदूम अण्णांचं काही अडणार नाही. अडलं ते भलतीकडेच. आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा आमच्या घरातला नेम. बाकीच्यांनी तो केव्हाच सैल केला, मीही केला, पण अण्णांनी नाही. आता ज्याला दिसत नाही त्याला सूर्य आहे की गेला, हे कळणार कसं? फोन मिनिट-सेकंदासह सांगतो. तो त्यांना चालत नाही. "त्यो मोजून सांगतोय, तू बघून सांगतीस," हे त्यांचं उत्तर.

आई गेल्यापासून, म्हणजे तेरा वर्षं, मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाते, खाली येऊन "आहे" म्हणते, आणि मगच अण्णा पहिला घास घेतात. जगात मला इतकं कोणीच मानत नाही. पॉलिटेक्निकमधले माझे विद्यार्थी न्यूटनचे नियमसुद्धा माझ्याकडून ऐकल्यावर एकदा फोनवर तपासून घेतात.

तर अशा अण्णांना एकदा, शेवटचं, भैरीच्या माळावर मुक्कामाला जायचं होतं.

भैरीचा माळ दाजीपूरच्या अलीकडे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. धोंडू झोरे या गवळी धनगराच्या मालकीचा. माझ्या लहानपणी दर डिसेंबरात आम्ही तिथे चार दिवस राहायचो. अण्णांनी सरकारी लिलावात एक जीप घेतली होती, तिला दारं नव्हती आणि छप्पर ताडपत्रीचं. अण्णा चालवायला, शेजारी आई, आणि मी मागे अंथरुणांच्या वळकट्यांवर आडवी. राधानगरी सोडली की डांबर संपायचं आणि मग जीप आम्हाला अक्षरशः पाखडून काढायची. अण्णा रस्ता धक्क्यांवर मोजायचे. ओढा, दगडी मोरी, बोरांची वळणं आणि सगळ्यात शेवटी पायरी. पायरी म्हणजे वाटेत आडवा आलेला वीतभर उंचीचा कातळ. जीप त्यावर चढताना असा हिसका बसायचा की आई अण्णांचा खांदा पकडायची आणि दोघंही हसायची. अण्णा म्हणायचे, "आली पायरी." याचा अर्थ, अर्ध्या तासात माळ, आणि सूर्य असेपर्यंत जेवण नक्की. आई लगेच मागे वळून मला तांदूळ कुठल्या डब्यात आहेत ते विचारायची. ती संध्याकाळ मला आजही हवीहवीशी वाटते, आणि ती परत मिळणार नाही हे कळूनही वाटते.

अण्णांच्या पाठीचे दोन मणके ठिसूळ होऊन खचले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तिसरा खचला तर अंथरूण धराल. रिक्षासुद्धा बंद. म्हणून तर २०४४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी, जिला साधी भाजी निवडून घ्यायचा कंटाळा, जंगलात न्यायची गाडी निवडत फिरत होते.

पहिली गाडी बघितली ती नुसती दांडगी. टपावर तंबू, वर चढायला शिडी. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला शिडीवर चढवायचं म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर. दुसरीला स्टिअरिंगच नव्हतं. जो रस्ता तिच्या नकाशात नाही तिकडे ती पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि झोऱ्यांचा माळ तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. तिसरी ही. आखूड बांध्याची, चारही चाकांना स्वतंत्र मोटर, जमिनीपासून पोट चांगलं दीड वीत वर, ओढ्यात कमरेइतक्या पाण्यातून जाणारी. आणि तिला 'निश्चल' बसवलेलं होतं.

निश्चलची गंमत मी वर्गात घागरीवरून शिकवते. डोक्यावर भरली घागर घेऊन बाई ओढ्यातून येते तेव्हा तिची पावलं वरखाली होतात, गुडघे वाकतात, पण पाणी हिंदकळत नाही. कारण पाऊल पडण्याआधीच तिच्या गुडघ्याला दगड कळलेला असतो. जुन्या गाडीच्या पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना, दगड कळायचा तो धडकल्यावर. या गाडीत चाकावर स्प्रिंग नाही, चुंबकानं सरकणारा दांडा आहे. टायरच्या रबरात केसासारख्या तारा विणलेल्या असतात, त्या जमिनीचा दाब सेकंदाला हजार वेळा मोजतात, आणि पुढचे कॅमेरे वीस मीटरवरचा खड्डा आधीच वाचतात. दगड आला की चाक आपणहून वर उचललं जातं, खड्डा आला की खाली सोडलं जातं, आणि वरची माणसं जिथल्या तिथे. पूर्वी याला इतकी वीज लागायची की बॅटरी तासाभरात संपावी. नव्या दांड्यांत उचलताना खर्च झालेली बरीचशी वीज चाक खाली येताना परत मिळते. शोध तो एवढाच, पण पाठीच्या रुग्णांना त्यानं जग उघडून दिलं.

गोची पुढे झाली. लोकांना गाडीत मळमळायला लागलं. डोळ्यांना खड्डे दिसतात आणि कानातलं तोल सांभाळणारं पाणी म्हणतं की आपण घरी सोफ्यावर आहोत; मग मेंदू गोंधळतो आणि पोटावर राग काढतो. म्हणून कंपन्यांनी 'खडबड' नावाचं एक बटण दिलं, शून्य ते दहा. जितकं वाढवाल तितके खरे धक्के आत येतात. आणि आपल्या लोकांना बटण मिळालं की ते काय करतील याचा नेम नाही. दांडे जसे धक्का खातात तसा तो देऊही शकतात, हे कळल्यावर रस्ते विकत मिळू लागले. लडाखचा रस्ता पुणे-बंगळूर महामार्गावर लावायचा, चहा अंगावर सांडून घ्यायचा आणि सहलीचं समाधान मिळवायचं.

डॉक्टरांनी गाडीची कागदपत्रं बघून दोनपर्यंत परवानगी दिली. मी बटण दोनवर ठेवून अण्णांना रंकाळ्याभोवती फिरवलं. त्यांनी डोकं जरा तिरकं केलं, दोन्ही तळवे सीटवर टेकले आणि पाच मिनिटांनी सांगितलं की आपण जुन्या वाशी नाक्याला वळलो. बरोबर होतं. "रस्ता लांबनं हाक मारतोय असं वाटतंय," ते म्हणाले, "पर वळखू येतोय." त्या दिवशी आम्ही गाडी घेतली.

सामान लावायचं काम दस्तगीर मुल्लाणीच्या गॅरेजात झालं. दस्तगीरभाई उमेदवारीत असताना अण्णांच्या जीपचे पाटे बदलायचे, त्यामुळे ते अण्णांना वस्ताद म्हणतात. वस्ताद खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. जड ते खाली आणि दोन चाकांच्या मधे. टपावर काही नाही, ऊन अडवायला गुंडाळीचं कापड सोडून. जादा टायर एक नको, दोन. चिखलात चाकाखाली घालायच्या फळ्या दाराशी, खोरं त्यांच्यावर. पाण्याचे दोन डबे आणि गाळायचं फडकं त्यांनाच बांधलेलं, म्हणजे शोधाशोध नको. आणि स्वयंपाकाची पेटी सगळ्यात शेवटी भरायची, कारण पोचल्यावर ती सगळ्यात आधी निघाली पाहिजे. दस्तगीरभाईंनी मागच्या दाराला सरकता खण केला; ओढला की ओटा तयार. अण्णांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून एक कोपरा पुन्हा घासायला लावला. त्या आठवड्यात ते दहा वर्षांनी तरुण झाले होते. रात्री झोपेतसुद्धा वळणं मोजत असावेत.

अण्णांना न्यायच्या आधी रस्ता एकदा बघून यावा म्हणून मी आणि दस्तगीरभाई जाऊन आलो. ओढा होता, मोरी होती, बोरांची वळणंही होती. पायरी नव्हती. कातळ फोडून तिथे गुळगुळीत सिमेंटचा उतार केला होता, पार झोऱ्यांच्या दारापर्यंत.

धोंडू झोरे आता सत्तरीला आलेले. त्यांनी ताक दिलं, अण्णांची विचारपूस केली. मी पायरीबद्दल हळहळले, तसे ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमची ती गंमत व्हती. आमची सून बाळंतपणाला त्याच कातळावर अडली. गाडी वर येईना. मग आमीच अर्ज केला."

मला मान खाली घालावी लागली. वर्षातले चार दिवस येणाऱ्यांनी हळहळावं आणि तीनशे पासष्ट दिवस राहणाऱ्यांनी अडलेली बाई डोलीत घालावी, असं थोडंच आहे.

पण परतताना डोक्यात एकच विषय. अण्णांना सांगू कसं? पायरी नाही म्हटलं तर ते बेत मोडणार नाहीत, पण ज्या एका धक्क्याची ते वाट बघत होते तो जन्मात परत येणार नव्हता. तेरा वर्षांत मी त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आणि हे तरी खोटं कुठे, मी स्वतःला समजावलं. शब्दानं नाहीच सांगायचं. पाठीला सांगायचं.

दस्तगीरभाईंनी पायरी कधी पाहिली नव्हती, ऐकली मात्र भरपूर होती. लोक लडाख लावतात तर आपण वीतभर कातळ लावू, ते म्हणाले. पुढची दोन्ही चाकं उचलायची, टाकायची, मग मागची दोन्ही. जोर डॉक्टरांच्या दोनच्या आतच. मी गाडीत बसून चार वेळा करून पाहिलं आणि मलाच भरून आलं. वळकट्यांवर आडवी पडलेली मी, ताडपत्रीतून दिसणारं आभाळ, आईचं हसणं. मला वाटलं, जमलं.

आम्ही डिसेंबरातल्या एका गुरुवारी निघालो, अण्णा आणि मी. राधानगरीनंतर बटण दोनवर केलं. अण्णांनी तळवे सीटवर टेकले आणि रस्ता वाचायला सुरुवात केली. ओढा आला तेव्हा "पाणी कमी हाय ह्या साली" म्हणाले. मोरीवर, इथे एकदा आईची चप्पल पडली होती आणि ती दुसऱ्या दिवशी झोऱ्यांच्या म्हशीच्या शेणात सापडली, ही गोष्ट तपशीलवार झाली. बोरांच्या प्रत्येक वळणाला एक आठवण होती. मी कधी न ऐकलेला एक माणूस माझ्या शेजारी बसला होता, आईबद्दल बोलताना लाजणारा. मला इतका आनंद झाला होता की गाडी मुद्दामच हळू चालवत होते.

सिमेंट सुरू व्हायच्या आधी मी थांबले. गाई आडव्या आल्यात असं सांगितलं. हे मात्र शब्दातलं खोटं. पडद्यावर दस्तगीरभाईंचा धक्का शोधायला, जागा नेमून द्यायला जवळजवळ वीस मिनिटं गेली, कारण क्रम चुकून मला तीनदा पहिल्यापासून करावं लागलं. मग निघालो. गुळगुळीत उतारावर, ठरल्या जागी, गाडी उठली आणि आपटली.

अण्णांनी तळवे सीटवरून फिरवले. मग म्हणाले, "हं. आली." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. आठवणीनं गहिवरलेत असं मी समजले आणि त्यांना एकटं सोडलं.

माळ तसाच होता. गवत पिवळं पडलेलं, पलीकडे डोंगराची धार, खाली धरणाच्या पाण्याची निळी पट्टी. मी अण्णांना खुर्चीत बसवलं, खण ओढला, पाणी गाळलं, मुगाची खिचडी टाकली. सूर्य धारेच्या बराच वर होता, पण माळावर तो घरच्यापेक्षा लवकर जातो, डोंगर त्याला गिळतो. माझी वीस मिनिटं आता मला टोचायला लागली. अण्णांच्या पोटात दुपारपासून ताकाशिवाय काही नव्हतं. खिचडी शिजून ताट वाढलं, वर तूप सोडलं, तेव्हा सूर्य धारेच्या दोन बोटं वर होता.

त्यांनी हात धुतले आणि नेहमीसारखं विचारलं, "हाय?"

"आहे," मी म्हटलं.

हात ताटाकडे गेला आणि मधेच थांबला. "किती हाय?"

तेरा वर्षांत त्यांनी दुसरा प्रश्न कधीच विचारला नव्हता. मी सांगितलं, दोन बोटं. त्यांनी मान हलवली. मग हात मागे घेतला आणि मांडीवरच्या पंच्याला पुसला. भूक नाही का, विचारलं, तर म्हणाले, भूक आहे. ताटातून वाफ येत होती आणि ते समोर तोंड करून स्वस्थ बसले होते, रागावलेले नाहीत, नुसते बसलेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांना सगळं कळलं होतं. आणि माझ्या शब्दावर जेवायचं की नाही, हे आता त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी त्यांच्या पायाशी गवतावर बसले. सबबी पुष्कळ तयार होत्या. तुमच्या पाठीसाठी, तुमच्या आनंदासाठी. एकही बाहेर पडली नाही. सूर्य एक बोटभर उरला होता.

"अण्णा, पायरी राहिली नाही," मी म्हटलं. "झोऱ्यांच्या सुनेसाठी फोडली. धक्का मी गाडीकडून देवविला. आणि गाई आडव्या आल्या नव्हत्या."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. सुनेचं काय झालं विचारलं. ती आणि मूल दोघं बरी आहेत म्हटल्यावर, "मग फोडली ते झ्याक केलं," म्हणाले. मग हातानं हवेतच एक तिरपी रेघ काढली, लाकडावर काढावी तशी.

"कातळ तिरका व्हता, पद्मल. डावं चाक आधी चढायचं. म्हणून तुझी आई माझ्याकडं झुकायची. आज दोन्ही बाजू संगंच उठल्या, आन् खांद्यावर कुणीच आलं न्हाई."

मला रडू आवरेना. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, जरा जड, जरा खरखरीत. पायरी नाही म्हणाली असतीस तर मी इथे बसून सांगितली असती की तुला, असं काहीसं ते पुटपुटले. मग हात काढून घेतला आणि पुन्हा धुवायला पाणी मागितलं.

"आता बघ," म्हणाले, "आन् सांग."

मी उठून उभी राहिले, डोळे पुसून नीट बघितलं. धारेवर नखाएवढी कोर उरली होती.

"आहे, अण्णा. एका घासापुरता."

त्यांनी घास घेतला. सावकाश, चावून, तुपाची चव घेत खाल्ला. दुसरा बोटांत घेतला तेव्हा मी डोंगराकडे बघत होते. कोर गेली. ताट भरलेलं होतं, माणूस एक्क्याऐंशी वर्षांचा, दुपारपासूनचा उपाशी, आणि माझ्याशिवाय माळावर बघणारं कोणी नव्हतं. चार घासांपुरतं गप्प बसायला मला काहीच जड गेलं नसतं.

"मावळला," मी म्हटलं.

अण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "तू जेव," ते म्हणाले. "गार होईल."